मोठीला हात लावू नकोस

आमच्या घरात मोठी मी. उंचीला धाकटीच्या खांद्याशी येते, अंगाने तिच्या निम्मी. तरी मोठी मीच, कारण आधी मी जन्माला आले. एवढी साधी गोष्ट लोकांना जन्मभर समजावत आले आहे. पाहुणे आले की धाकटीकडे बघून म्हणायचे, "ही मोठी ना?" आणि बाबा कपाळाला हात लावायचे. सगळ्या जगात थोरलीचे कपडे धाकटीला होतात. आमच्याकडे धाकटीला आखूड झालेले फ्रॉक वर चढून माझ्याकडे यायचे. त्यावरून मी शाळेत असताना रडलेही आहे. मोठेपणी हसायला लागले होते.

आणि नशीब बघा, धंदाही तोच मिळाला, लहान-मोठं करायचा. घराच्या पुढच्या खोलीत माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करा, कोट सैल करा, बाह्या उतरवा. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा मोठा करून द्या." मी विचारते, "जरा म्हणजे किती?" तोंडाच्या वाफेवर मी कात्री चालवत नाही, आधी टेप लावते. लोकांना राग येतो. येऊ दे.

बाबा बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे. स्टँडवर त्यांना सगळे भोंगा म्हणत, तेही तोंडावर. बाबांना त्याचा रागबिग काही नव्हता, उलट तोरा होता. "ड्रायव्हर चुकेल, कंडक्टर चुकेल, भोंगा चुकायचा नाही," असं ते न विचारता कुणालाही सांगायचे. उभ्या नोकरीत त्यांनी एक घोषणा चुकीची केली नाही. आम्ही दोघी त्यांच्या पाठीमागे नाक धरून नक्कल करायचो, आणि ते वळून म्हणायचे, "शब्द खाऊ नका. नक्कल करायची तर नीट करा."

त्या आवाजाची एक गंमत होती. त्यात खोटं टिकायचं नाही. कुणाचा नको असलेला फोन आला की ते रिसीव्हर माझ्या हातात कोंबायचे, कारण "घरी नाहीत" एवढं म्हणायलाही त्यांना जमत नसे. आवाज लगेच चिरकायचा. आई होती तेव्हा ती नुसती विचारायची, "सिगरेट ओढलीत?" बाबांचं "नाही" पिपाणीसारखं वाजायचं. संपला विषय.

मग त्या गळ्यातच गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. घरी येईपर्यंत बाबा एक अक्षर बोलले नाहीत, आणि घरी आल्यावर जे बोलायला लागले ते थांबेचनात. रस्त्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांशी बोलले. मला बघवत नव्हतं.

हॉस्पिटलातच एक बाई होत्या. नीट बोलता न येणाऱ्यांना बोलायला शिकवायच्या. आम्ही त्यांना आवाजाच्या बाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनला अजून अवधी आहे. तोवर तुमच्या आवाजात भरपूर वाक्यं रेकॉर्ड करा. मी यादी देते. त्यावरून प्रोग्रॅम तुमचा आवाज तयार करेल. नंतर तुम्ही टाइप करायचं, यंत्र बोलेल. तुमच्याच आवाजात."

बाबांनी विचारलं, "माझ्याच? हुबेहूब?"

"रेकॉर्डिंग जितकं स्वच्छ, तितका हुबेहूब."

स्वच्छ! त्या बाईंना काय ठाऊक, कुणापुढे कुठला शब्द उच्चारला ते. बाबांनी दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात मुक्काम ठोकला. दुकानात एक कोनाडा आहे, तिथे मी दुरुस्तीला आलेले कोट टांगते. कोटांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे. झालं, स्टूल आत, माइक आत, भोंगा आत. बाहेरून नुसते बूट दिसायचे. यादीतली वाक्यं तर अशी की ऐकणाऱ्याने वेड्यात काढावं. "निळी छत्री दाराशी ठेव." "घोड्याला ठसका लागला." सगळे उच्चार यावेत म्हणून तसली असतात. एकदा एक गिऱ्हाईक आपला कोट कधी मिळेल म्हणून विचारायला आलं आणि कोटांमधून खणखणीत आवाज आला, "उद्या संध्याकाळी नक्की मिळेल." तो माणूस दोन पावलं मागे सरला. ते वाक्य यादीत नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

मध्येच खोकला यायचा. मध्येच माझं मशीन खडखडायचं. आत कुकरची शिट्टी झाली की बाबा ओरडायचे, "मोठेऽऽ, कुकर बंद कर गं!" मी म्हणायचे, "आले!" आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत अख्खी यादी संपवली त्यांनी. शेवटचं वाक्य संपल्यावर कोटांमधून बाहेर आले ते लग्नघर आवरून आलेल्या माणसासारखे, दमलेले आणि खूश.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास. ओठ हलायचे, पण आवाज नाही. मला मात्र त्यांचं बोलणं पहिल्याच आठवड्यात कळायला लागलं. मी वर्षानुवर्षं तोंडात टाचण्या धरून पुटपुटते आणि ते बाबांना कळायचं, आता उलटं झालं एवढंच. त्यांचे ओठ बघायचे आणि मी मोठ्याने बोलायचं. घरात येणारं-जाणारं माणूस त्यांच्याशी बोलायचं आणि उत्तर माझ्या तोंडून ऐकायचं.

खरं तर रेकॉर्डिंग तेव्हाच बाईंना देऊन टाकायला हवं होतं. पण देतील तर ते बाबा कसले! आधी साफ करायचं म्हणाले. एकेक वाक्य घ्यायचं, ऐकायचं, त्यातला खोकला कापायचा, खाकरणं कापायचं, माझ्या मशीनची खडखड कापायची. मी म्हणाले, "अहो, द्या ना तसंच. बाई करतील साफ." बाबांचे ओठ हलले, "खोकत बाहेर जाणार नाही मी." पुढे बोलायची सोयच नव्हती. सकाळी चहा झाला की कानाला हेडफोन, तो जेवायच्या वेळेलाच निघायचा. स्वतःचाच आवाज ऐकत बसलेला माणूस, आणि तोंडातून हूं की चूं नाही. मी मुद्दाम मशीन चालवत राहायचे, घर फार गप्प वाटायचं.

त्यांचं सगळं काम जुन्या कॉम्प्युटरवर. स्टँडवरून मोडीत निघालेला तो बाबांनी घरी आणला होता, कारण आवाज कापायचा त्यांच्या सवयीचा प्रोग्रॅम त्याच्यावरच चालायचा. त्यात एक डिस्क मुळातली होती. दुसरी नवी धाकटीने मागे कधीतरी बसवून दिली होती आणि तिच्यावर नवीन पद्धतीचं सगळं घालून दिलं होतं. बाबा नव्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. कॉम्प्युटर सुरू करताना 'जुनं की नवं' असं विचारायचा, बाबा जुनं निवडायचे.

होता होता जुनी डिस्क गळ्यापर्यंत भरली. त्यात बाईंनी दिलेला तो आवाज तयार करायचा प्रोग्रॅम, त्याला म्हणे ऐसपैस जागा लागते आणि तीही एकसलग. मी धाकटीला फोन लावला. ती एका ऑफिसात कॉम्प्युटरच सांभाळते, तिच्या हातचा मळ आहे तो. ती म्हणाली, "सोपं आहे ताई. दोन्ही डिस्क जोडून एकच करून टाकू. फक्त एक ठेवायची आणि दुसरी पूर्ण पुसायची, मग ती पहिलीला जोडायची. बाहेरून एकच दिसेल. कुठली ठेवायची तेवढं बाबांना विचार."

"ये आणि तूच विचार," मी म्हणाले.

ती सुट्टीच्या दिवशी सकाळी आली. दारातून वाकून आली, आमचं दार तिला बुटकं पडतं. मी एका गृहस्थांच्या पँटला टाचण्या लावत होते. बाबा आतल्या खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, तिथून दुकानही दिसतं आणि कॉम्प्युटरही. औषधाची गुंगी होती डोळ्यांवर. धाकटीने विचारलं, "बाबा, कुठली ठेवू?"

बाबांचे ओठ हलले. तिने माझ्याकडे बघितलं. तिला ओठ वाचायला जमत नाही, येऊन-जाऊन असते ना. मी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि जसंच्या तसं सांगितलं, "मोठीला हात लावू नकोस म्हणतायत. दुसरी पूस."

"नक्की? सगळं मोठीवरच आहे?"

बाबांनी मान हलवली, चांगली दोनदा.

"ठीक आहे. तुम्ही पडा जरा."

बाबा पडायला गेले. मी गृहस्थांची पँट उतरवून घेतली आणि मशीनवर बसले. आतून धाकटीच्या बटणांची टकटक येत होती. मग ती बाहेर आली, तिने चहा केला, माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि तिच्या साहेबाची नक्कल करून दाखवली. आम्ही खूप हसलो. आत ती डिस्क पुसली जात होती.

दुपारी बाबा उठले. धाकटी आनंदात होती. म्हणाली, "बघा बाबा, आता एकच. जागाच जागा! आणि तुमचं सगळं जागच्या जागी आहे, हात नाही लावला." तिने 'आवाज' नावाचं फोल्डर उघडलं. आत फायलींची ही भली मोठी रांग. "ऐका," म्हणाली आणि पहिली फाइल लावली.

खोकला. ओला, लांबलचक खोकला.

"ही राहिली असेल साफ करायची," म्हणत तिने दुसरी लावली. कुकरची शिट्टी, आणि पाठोपाठ बाबांचा खणखणीत आवाज, "मोठेऽऽ, कुकर बंद कर गं!" ऑपरेशनला जाताना दारात जे बोलले त्यानंतर तो आवाज मी ऐकलेलाच नव्हता. तिसरी फाइल, खाकरणं. चौथी, "निळी छत्री दा... च्यायला. परत." पाचवी, माझं मशीन.

मी बाबांकडे बघितलं. त्यांना पहिल्या खोकल्यालाच कळलं होतं. ते पुढे आले, धाकटीच्या हातातून माउस काढून घेतला आणि शोधायला लागले. शोधत होते 'वाक्यं' नावाचं फोल्डर. ते जुन्या, पुसलेल्या डिस्कवर होतं. कापून काढलेली घाण, खोकला, शिट्ट्या, शिव्या, ती तेवढी त्यांनी उकिरड्यावर टाकावी तशी नव्या डिस्कवर नेऊन टाकली होती आणि त्या ढिगाला नाव दिलं होतं 'आवाज'. बरोबरच आहे. आपण नाही का म्हणत, कसला हा आवाज, आवाज करू नका रे. स्टँडवरच्या माणसाला दुसरं काय सुचणार!

बाबांनी माउस खाली ठेवला. अगदी हळू ठेवला. धाकटीने विचारलं, "काय झालं? ताई, काय झालं?"

मी तिचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. पुढचं भांडण दबक्या आवाजात करायचा माझा विचार होता. तो विचारच राहिला.

"मोठी म्हणाले होते ना ते? मोठी!"

"मोठीच ठेवली मी! मोठीच आहे ती!"

"मोठी म्हणजे थोरली! आधी आलेली!"

"डिस्क मोठी म्हणजे आकाराने मोठी, ताई! जिच्यात जास्त मावतं ती! अख्खं जग तसंच म्हणतं. ती जुनी एवढीशी, ती कुठून मोठी?"

"आणि मी? मी कुठून मोठी?"

मी तिथेच थांबले नाही. जिचे आखूड झालेले फ्रॉक घालून मी वाढले तिला तरी या घरात मोठी कशाला म्हणतात ते कळायला नको होतं? बघायचं तरी होतंस उघडून! ती रडत म्हणाली, बघितलं होतं गं. नव्या पद्धतीने कॉम्प्युटर सुरू केला की जुनी डिस्क कोरी दिसते, ओळखताच येत नाही त्याला. फॉरमॅट करू का म्हणून विचारत होता. आणि दुसरीवर 'आवाज' लिहिलेलं होतं, खच्चून भरलेलं. "मला वाटलं आवाज म्हणजे आवाज! बाबांचा आवाज!" मग एकदम म्हणाली, "आणि सांगितलंस तर तूच. तुझ्या तोंडून ऐकलं मी मोठी."

"ते जे बोलले तेच मी बोलले!"

"मग मीही जे ऐकलं तेच केलं!"

टाळी वाजली. बाबांना कुणाला बोलवायचं असलं की ते टाळी वाजवायचे. दारात उभे होते. त्यांचा गळा गेला होता, कान शाबूत होते. आमच्या दोघींकडे एकेकदा बघितलं त्यांनी, मग जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस असतो, त्याच्याकडे गेलो. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान, काउंटरवर उघडी पडलेली यंत्रं. त्याने डिस्क ठेवून घेतली आणि काही दिवसांनी आम्हाला बोलावलं. "नुसती पुसली असती तर बघितलं असतं. तुम्ही ती दुसरीला जोडून वरून नवं लिहून घेतलंय," म्हणाला. त्याला मिळाली ती फक्त नावं. बाबांनी प्रत्येक फाइलला वाक्याचं नाव दिलेलं होतं. निळी छत्री. घोड्याला ठसका. उघडलं की आत काहीच नाही. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या, बरण्या रिकाम्या.

आवाजाच्या बाईंना 'आवाज' नेऊन दिला. त्यांनी मन लावून ऐकला. "यावरून नाही होणार," म्हणाल्या. "सगळी अर्धी वाक्यं, ओरडणं, मागे कुकर. यंत्र खोकायलाच शिकेल." आणि मग हळूच म्हणाल्या, "तयार आवाज असतात. त्यातला एखादा निवडावा लागेल." बाबांनी मान हलवली. घरी येताना आमची बस स्टँडवरून जाते, भोंग्यातून कुणीतरी पोरगेला माणूस घोषणा करत होता आणि शब्द खात होता. बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

धाकटी यायची बंद झाली. फोन केला तर म्हणायची, "बाबांना कुठल्या तोंडाने भेटू?" ऑफिसातही म्हणे तिचा हात धजेना. कुणाची साधी डिस्क पुसायची तरी तीनतीनदा विचारायची, मग दुसऱ्याला करायला सांगायची. जेवण तुटलं, एवढा मोठा देह, पार वाळला. मी काय करत होते? खरं सांगते, मला बरं वाटत होतं. रड, म्हणायचे मनात. तू रडू तरी शकतेस मोठ्याने.

शेवटी ते यंत्र आलं. पाटीएवढं, खाली अक्षरं. आत पुरुषांचे काही तयार आवाज होते. बाबांनी ते असे ऐकले की जसं काही स्टँडवर नवीन माणूस नेमायचाय. एकाला हातानेच उडवून लावलं. एकावर नाक मुरडलं. जो ठेवला तो त्यातल्या त्यात शब्द खात नव्हता, एवढंच. गुळगुळीत, कुणाचाच नसलेला आवाज. तरी मी म्हणाले, "चांगलाय की."

बाबा ओठांनी म्हणाले, "धाकटीला बोलव."

"ती यायची नाही."

"मी बोलावलंय म्हणून सांग."

ती आली. दारातून वाकून आली आणि वाकलेलीच बसली, माझ्या स्टुलावर. बाबा यंत्र मांडीवर घेऊन टाइप करायला लागले. एक बोट, एक अक्षर. मी दुकानाचा पडदा ओढून घेतला. खूप वेळ टकटक चालली होती, आणि मी मनात म्हणत होते, बोला बाबा, एकदाचं बोला तिला, मी किती बोलणार. मग त्यांनी बटण दाबलं.

यंत्र म्हणालं, "चूक माझी आहे. मी चुकीची घोषणा केली. मोठी म्हणजे आकाराने मोठी, असंच मला म्हणायचं होतं. वाक्यं मी तिच्यावर ठेवली असं मला वाटत होतं. औषधाने डोकं ठिकाणावर नव्हतं. तुला सांगितलं तसंच तू केलंस."

धाकटीने मान वर केली.

मी तोंड उघडलं होतं. कारण ते खोटं होतं, ढळढळीत खोटं. बाबांच्या तोंडी मोठी म्हणजे दुसरं काही असूच शकत नव्हतं. आणि वाक्यं कुठे ठेवली हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, ते 'वाक्यं' शोधत होते तेव्हा मी बघितलेत त्यांचे डोळे. त्यांच्या स्वतःच्या आवाजात हे खोटं पहिल्या शब्दाला चिरकलं असतं, धाकटी ओरडली असती, "बाबा, पिपाणी!" पण हा आवाज परका होता. तो खोटं बोलतानाही तितकाच गुळगुळीत राहिला, आणि धाकटीला ते खरं वाटलं. तिने बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देत म्हणाली, "मला वाटलं मीच... मला वाटलं मीच घालवला."

बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होते. ओठ हललेच नाहीत. तरी वाचता आलं.

"हो," मी म्हणाले. "मलाही नंतर वाटलं, आकाराने मोठी असंच म्हणायचं असणार बाबांना. मीच उगाच तुझ्यावर ओरडले."

उभ्या नोकरीत एक घोषणा चुकली नव्हती त्या माणसाची. ती आता चुकली म्हणून त्यांनीच जाहीर केलं, आणि साक्षीला मी.

धाकटी त्या दिवशी पोटभर जेवून गेली. जाताना दाराला डोकं आपटून घेतलं आणि हसली, किती दिवसांनी. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाबा दारात उभे होते. मग आत आले, बसले, पुन्हा टकटक केली.

"मोठे," यंत्र म्हणालं. रुक्षपणे, जशी कुणी मापं वाचून दाखवावीत, मोठे, मध्यम, लहान. हाक आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. "मोठे. ते आवाज पुसून टाक. ती पुन्हा ऐकेल आणि रडेल."

"पुसते," मी म्हणाले.

नाही पुसले. बाबांना सांगितलं, पुसले. ते म्हणाले, बरं केलंस. म्हणजे यंत्र म्हणालं.

कॉम्प्युटर आता दुकानातच असतो, कोटांच्या खाली. ती फाइल कुठली ते मला पाठ आहे, दुसऱ्या नंबरची, कुकरच्या शिट्टीची. कधी गिऱ्हाईक नसलं की हात तिथवर जातो. पण मी लावत नाही. बाबा पलीकडे उंबऱ्यात बसलेले असतात, आणि हेडफोन लावून ऐकलं तरी हाक कानावर पडली की माझ्या तोंडून "आले" निघून जाईल.